स्विंगच्या पहिल्या तासाला कुणी उडी मारत नाही

स्विंग नाचाच्या पहिल्या तासाला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी यूट्यूबवर एक जुना तुकडा पाहिलेला असतो. 1941 सालच्या 'हेल्झापॉपिन' या हॉलिवूडपटातला. आचारी, मोलकरीण, मेकॅनिक अशा कपड्यांतल्या चार कृष्णवर्णीय जोड्या एकामागून एक पुढे येतात आणि एकमेकांना खांद्यावरून, पाठीवरून, पायांमधून असं काही भिरकावतात की पाहणाऱ्याला वाटावं, फिल्म पळवली आहे. पळवलेली नाही. संगीताचा वेगच मिनिटाला 300 मात्रांच्या आसपास आहे. सेकंदाला पाच ठोके.

हे पाहून हौसेने नाव नोंदवलेला माणूस वर्गात येतो, आणि शिक्षक सांगतात : गुडघे सैल सोडा, गाणं ऐका, जागच्या जागी जरा खाली-वर व्हा. गाणं संपेपर्यंत एवढंच. हात कुणाचा धरायचा नाही, पाऊलही उचलायचं नाही. पैसे भरून आपण हलायला आलोय का, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतो.

विरस होणं साहजिक आहे, पण शिक्षकांचं बरोबर असतं. टक टर्न, शुगर पुश, स्विंगआउट ही मूव्हजची नावं पाठ करायला आठवडा पुरतो. अंगात तो हेलकावा मुरायला आणि समोरच्याच्या हातातून येणारं वजन ओळखायला महिने जातात. नवशिक्यांच्या वर्गात खरा अभ्यास या दुसऱ्या गोष्टीचा चालतो. मूव्ह हे त्याचं निमित्त.

स्विंग म्हणजे नाचांचं एक मोठं कुटुंब. त्यातला वडीलधारा लिंडी हॉप. तो 1920 च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, कृष्णवर्णीय तरुणांच्या पायांतून जन्माला आला. चार्ल्स्टन, ब्रेकअवे असे त्याआधीचे नाच त्याने पोटात घेतले. पुढे त्याची सोपी, सहा मात्रांत बसवलेली आवृत्ती आर्थर मरे यांच्यासारख्या नृत्यशाळांच्या साखळ्यांनी अमेरिकाभर शिकवली. तीच आज ईस्ट कोस्ट स्विंग म्हणून ओळखली जाते. कॅलिफोर्नियाकडे वेस्ट कोस्ट स्विंग आणि बाल्बोआ अशा शाखा फुटल्या. पण जगभर 'स्विंगचा वर्ग' म्हटलं की बहुतेक वेळा शिकवला जातो तो लिंडी हॉप.

नावाची कथा नेहमी सांगितली जाते ती अशी. चार्ल्स लिंडबर्गने 1927 मध्ये एकट्याने विमान चालवत अटलांटिक ओलांडला. पुढच्या वर्षी एका नृत्य मॅरेथॉनमध्ये जॉर्ज स्नोडेन नावाचा बुटका, अफाट नाचणारा गडी जोडीदारणीचा हात सोडून स्वतःच्या करामती दाखवू लागला. हे काय करतोयस, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, लिंडी हॉप. कथा इतकी चपखल आहे की तिच्यावर शंका घेणारेही पुष्कळ आहेत. स्नोडेनला सगळे 'शॉर्टी' म्हणत, आणि तो नाचत असे सॅव्हॉय बॉलरूममध्ये, यावर मात्र वाद नाही.

सॅव्हॉय 12 मार्च 1926 रोजी लेनॉक्स अव्हेन्यूवर, 140 आणि 141 क्रमांकांच्या रस्त्यांच्या मध्ये उघडलं. पूर्ण ब्लॉकभर लांबीचं, सुमारे 10 हजार चौरस फुटांची मेपल लाकडाची जमीन असलेलं सभागृह. ही जमीन इतकी झिजे की दर तीन वर्षांनी बदलावी लागे. बँडसाठी दोन मंच होते. एक बँड थांबला की दुसरा सुरू, संगीतात खंड नाही. त्याच रस्त्यावर जवळच असलेल्या कॉटन क्लबमध्ये कलाकार कृष्णवर्णीय आणि प्रेक्षक गोरे असा नियम होता. सॅव्हॉयमध्ये मात्र काळे-गोरे एकाच जमिनीवर नाचत. त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. ड्रमवादक चिक वेबचा बँड तिथला घरचा. 1935 मध्ये त्यात विशीही न गाठलेली एक मुलगी गाऊ लागली, तिचं नाव एला फिट्झजेराल्ड.

या जमिनीवर नाचणाऱ्यांनी वर्ग लावलेला नव्हता. कोपऱ्यात उभं राहून बघायचं, घरी जाऊन करायचं, दुसऱ्या रात्री चारचौघांत आजमावायचं. फ्रँकी मॅनिंग असाच शिकला. 1935 मध्ये त्याने स्नोडेनच्या जोड्यांविरुद्धच्या स्पर्धेत जी गोष्ट केली, ती लिंडी हॉपची पहिली हवाई उडी मानली जाते. स्नोडेनची जोडीदारीण बी त्याच्यापेक्षा चांगलीच उंच होती आणि नाचाच्या शेवटी ती त्याला पाठीवर घेऊन बाहेर जात असे. लोक हसून लोळत. मॅनिंगने विचार केला, पाठीवर घेऊन थांबायचं कशाला, पलीकडे उतरवू या. जोडीदारीण फ्रीडा वॉशिंग्टनबरोबर त्याने गादी अंथरून सराव केला, आणि स्पर्धेच्या रात्री तिला पाठीवरून उलटी फिरवून थेट मात्रेवर उभी केली. महत्त्व त्या 'मात्रेवर'ला आहे. उचलून फेकणं पैलवानालाही जमेल. तिचे पाय जमिनीला लागले तेव्हाच बँडचा ठोका पडला, म्हणून तो नाच झाला.

आजच्या वर्गात हवाई उड्या नवशिक्यांना शिकवत नाहीत. सोशलमध्ये, म्हणजे सगळे मिळून नाचतात त्या संध्याकाळी, त्या करणं वाईट समजलं जातं. शेजारच्या जोडीच्या डोक्यात टाच बसू शकते.

मग शिकवतात काय? पहिली गोष्ट, ताल. जॅझमध्ये चार मात्रांचा गट चालतो आणि टाळी पडते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पहिल्या मात्रेवर सम धरायची सवय असलेला आपला कान इथे हटकून फसतो. शिक्षक टाळ्या वाजवायला सांगतात आणि निम्मा वर्ग एक आणि तीनवर वाजवतो. ते सुधारलं की पावलं येतात. रॉक स्टेप : एक पाऊल मागे, वजन पुन्हा पुढे, दोन मात्रा. ट्रिपल स्टेप : दोन मात्रांत तीन पावलं, 'तीन-आणि-चार' असं मोजत.

गोची त्या 'आणि'त आहे. नवशिका तीनही पावलं सारख्या अंतरावर टाकतो. स्विंगमध्ये 'आणि' उशिरा येतो; मध्यम वेगाच्या गाण्यात मात्रेचा पहिला भाग दुसऱ्याच्या साधारण दुप्पट लांब असतो, म्हणून पावलं लांब-आखूड-लांब पडतात. गाण्याचा वेग वाढत गेला की हा फरक कमी होतो आणि फार जलद गाण्यात जवळजवळ नाहीसा होतो. हे गणित कुणी नाचताना करत नाही. मॅनिंग शिकवायला लागला तेव्हा आकड्यांपेक्षा तोंडाने बोल म्हणून दाखवण्यावर त्याचा भर असे, आणि चांगले शिक्षक आजही मोजता मोजता मध्येच आकडे सोडून गुणगुणायला लागतात.

पावलं लहान ठेवा, हे वाक्य या वर्गात सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येतं. कारण सरळ आहे. वर्गात लावतात तशा मिनिटाला 140 मात्रांच्या गाण्यात एक मात्रा 0.43 सेकंदांची असते. म्हणजे ट्रिपल स्टेपची तीन पावलं 0.86 सेकंदांत आटोपायची. रॉक स्टेपला हातभर मागे गेलेला माणूस परत यायच्या आत संगीत पुढे निघून गेलेलं असतं. मग तो धावतो, खांदे वर जातात, जीभ दातांखाली येते.

दुसरी गोष्ट, हात. इथे वर्गाचा खरा वेळ जातो.

जोडीत एक जण लीड करतो, एक फॉलो. सॅव्हॉयमध्ये लीड बहुधा पुरुष असत. आज कुणी काय करायचं हे ज्याने त्याने ठरवायचं, आणि दोन्ही भूमिका शिकणारे वाढताहेत. लीड सहसा डाव्या पायाने सुरुवात करतो, फॉलो उजव्या, म्हणजे समोरासमोर उभे राहिल्यावर पाय एकाच बाजूला जातात. लीडचा डावा हात पुढे, बोटं किंचित आत वळलेली. त्यावर फॉलो आपल्या उजव्या हाताची बोटं नुसती अडकवते. अंगठ्याने दाबायचं नाही. शिक्षक वर्गात फिरताना सगळ्यांत आधी अंगठे बघतात, कारण दाबलेल्या अंगठ्याखाली समोरच्याचा हात वळू शकत नाही आणि गिरकी घेताना मनगट मुरगळतं.

या पकडीत किती ताण हवा, हे फुगडी खेळलेल्या बाईला सांगावं लागत नाही. पाय जुळवून, हात गुंफून दोघी मागे रेलतात. एकीने हात ढिला सोडला तर दोघी आपटतात, एकीनेच ओढलं तर फेर वाकडा होतो. ओढ हातांची वाटते, पण येते शरीराच्या वजनातून. स्विंगमध्ये हीच ओढ लागते. फरक इतकाच की ती फुगडीसारखी अखंड राहत नाही; आठ मात्रांच्या आत भरते, सुटते, पुन्हा भरते. नवशिक्यांचे हात एकतर लुळे पडतात किंवा लाकडासारखे ताठ होतात. लुळ्या हातातून काहीच पोचत नाही; ताठ हातातून जरुरीपेक्षा जास्त पोचतं.

टक टर्न ही बहुतेक वर्गांतली पहिली गिरकी. सहा मात्रांची. रॉक स्टेप झाली की लीड फॉलोला किंचित आपल्याकडे, गिरकीच्या उलट दिशेला वळवतो. फॉलो आपल्या हातात थोडा रोध ठेवते, त्यामुळे दोघांच्या तळव्यांमध्ये क्षणभर दाब साचतो. मग तोच दाब तिला उलट दिशेने बाहेर फिरवतो. लीडने फक्त हात डोक्याच्या किंचित वर न्यायचा आणि वाट मोकळी करायची. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात होतं असं : लीड तो साचलेला क्षण गाळतो, हात वर करतो आणि गोल गोल फिरवायला लागतो. समोरची व्यक्ती भली असते, काय हवंय ते ओळखते आणि स्वतःच फिरून घेते. दोघांनाही वाटतं, जमलं.

जमलेलं नसतं. म्हणून शिक्षक पार्टनर बदलायला लावतात.

दर दोन-तीन मिनिटांनी 'बदला' असं पुकारलं जातं आणि फॉलोंचं किंवा लीडचं वर्तुळ एक जागा पुढे सरकतं. आपल्याकडच्या नवशिक्यांना हा प्रकार सुरुवातीला अवघड वाटतो. अनोळखी माणसाचा हात धरायचा, नाव सांगायचं, नाचायचं, आभार मानायचे, पुढे जायचं. नवरा-बायको म्हणून आलेल्या जोड्या तर काही वेळा सरळ नकार देतात. त्यांनी नकार द्यायला हरकत नाही, पण तोटा त्यांचाच होतो. एकाच जोडीदाराबरोबर शिकणारे एकमेकांच्या चुका पाठ करतात. तिला माहीत असतं, हा हात वर करतो तेव्हा गिरकी हवी असते. तेव्हा त्याला ती कधीच नीट सांगता येत नाही. पाचवी अनोळखी फॉलो मात्र ढिम्म उभी राहते, आणि त्या मिनिटात लीडला कळतं की आपण इतका वेळ काहीच सांगत नव्हतो.

फॉलोचं कामही 'मागे मागे जाणं' एवढं नाही, जरी नवशिक्यांचा समज तसाच असतो. पुढे पाठवलं की तिने आपल्या वजनाने, आपल्या तालात पुढे जात राहायचं. वळवणारी किंवा थांबवणारी खूण येईपर्यंत. अंदाज बांधून आधीच वळणारी फॉलो आणि प्रत्येक पावलाला परवानगी मागणारी फॉलो, दोघींबरोबर नाचणं सारखंच कठीण.

या सगळ्याची परीक्षा होते स्विंगआउटमध्ये. लिंडी हॉपचं हे मूळ वळण; काही शिक्षक ते पहिल्याच महिन्यात आणतात, काही दोन-तीन महिने थांबतात. आठ मात्रा. एक-दोनला दोघं एका हाताने जोडलेले, एकमेकांपासून दूर रेललेले. तीन-आणि-चारला फॉलो पुढे येते, लीडचा उजवा हात तिच्या पाठीला भेटतो. पाच-सहाला दोघं एकाच आसाभोवती फिरतात. सात-आणि-आठला हात सुटतो आणि ती पुन्हा बाहेर, जिथून आली तिथे. कागदावर चार ओळी. पण पाचव्या मात्रेवर फॉलोने घेतलेला वेग मोडायचा नसतो, फक्त वळवायचा असतो. लीडला मोह होतो तो सातला तिला ढकलून द्यायचा. ढकललं की ती लडखडते. वळवून वाट दिली की वेग तिला आपोआप बाहेर नेतो. वीस-वीस वर्षं नाचलेले लोक अजून स्विंगआउटच घासत असतात, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

सहा मात्रांच्या मूव्ह आणि आठ मात्रांची गाणी, हा घोळ कुणाच्या तरी लक्षात आलाच तर वर्गात चर्चा रंगते. जॅझच्या ओळी बहुधा आठ मात्रांच्या गटांनी चालतात आणि 32 मात्रांना एक मोठा टप्पा पूर्ण होतो. मग टक टर्न ओळीच्या मध्येच संपते ते चुकीचं का? अजिबात नाही. सहाच्या चार मूव्ह म्हणजे 24. त्यात आठांचा एक स्विंगआउट घातला की 32, आणि गाणं वळतं तिथेच जोडी वळते. अनुभवी लोक हे मोजत नाहीत. गाण्याचं वळण कानाने आधीच ओळखतात आणि तिथे जाऊन पोचतात.

शिकवण्याची ही पद्धत, म्हणजे आकडे, वर्तुळ, मूव्हची नावं, हार्लेमच्या मूळ नाचात नव्हती. दुसऱ्या महायुद्धात तरुण सैन्यात गेले. 1944 मध्ये अमेरिकेत नाच-गाणं असलेल्या ठिकाणांवर जबर कर बसला, आणि जॅझचे मोठे बँड चालवणं परवडेनासं झालं. पुढे रॉक अँड रोल आलं. सॅव्हॉय 1958 मध्ये बंद पडलं आणि पुढे पाडलं गेलं. मॅनिंग पोस्टात नोकरीला लागला आणि तीसेक वर्षं तिथेच राहिला. 1980 च्या दशकात जुन्या फिल्म पाहून वेडावलेले काही तरुण त्या नर्तकांचा माग काढत निघाले. स्वीडनच्या मंडळींना अल मिन्स सापडला, 'हेल्झापॉपिन'मध्ये नाचलेला. कॅलिफोर्नियाहून आलेल्या एरिन स्टीव्हन्स आणि स्टीव्हन मिचेल यांनी 1986 मध्ये मॅनिंगला शिकवायला राजी केलं. त्याच्या आयुष्याचा दुसरा डाव तिथे सुरू झाला. 2009 मध्ये 95 व्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी तो गेला, तोवर तो देशोदेशी शिकवत फिरत होता. त्याचा जन्मदिवस, 26 मे, जगभर लिंडी हॉप दिन म्हणून पाळतात. स्वीडनमधल्या हेरेंग या खेड्यात दर उन्हाळ्यात भरणारं नृत्यशिबिर 1982 पासूनचं.

ज्यांनी कधी वर्ग लावला नाही, त्यांना म्हातारपणी वर्ग घ्यावे लागले. वर्गाने नाच वाचवला, हे निर्विवाद. पण वर्गात शिकलेल्यांना एक सवय लागते : ऐकण्याआधी मोजण्याची. ती सुटायला पुन्हा बँडसमोर, गर्दीत, चुकत-माकत नाचावंच लागतं.

या संगीताची मुंबईशीही जुनी ओळख आहे. सॅव्हॉय उघडलं त्या वर्षी तिथे वाजवणाऱ्या 'सॅव्हॉय बेअरकॅट्स' या बँडचं नेतृत्व व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबीकडे होतं. हाच अ‍ॅबी 1935 मध्ये आपला कृष्णवर्णीय बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. त्यांचं ऐकत गोव्याचे वादक घडले. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' नावाने ट्रम्पेट वाजवू लागला, त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुढे तो सी. रामचंद्रांबरोबर काम करू लागला आणि भगवानदादांच्या 1951 सालच्या 'अलबेला'त आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसला. तेव्हा वर्गात पहिलं गाणं लागतं आणि एखाद्या मराठी नवशिक्याला ते उगाच ओळखीचं वाटतं, त्यात नवल नाही.

ज्यांना वर्ग लावायचा आहे त्यांनी बूट जपून निवडावेत. धावण्याच्या बुटांचे रबरी तळ जमिनीला चिकटतात आणि गिरकीत सगळा पीळ गुडघ्यावर येतो. चामड्याचा किंवा गुळगुळीत तळ चांगला. अंगठ्या, लांब नखं, मोठं घड्याळ नको. घाम येणारच, तेव्हा पिशवीत एक कोरडा शर्ट असू द्यावा. जोडीदार शोधत बसू नये, एकट्याने गेलेलं चालतं. आणि सोशलला जायला सगळं येईपर्यंत थांबू नये. तीन मूव्ह येत असतील तर एका संथ गाण्याला त्या तीन पुरतात. विचारायचं, समोरचा नाही म्हणाला तर हसून दुसऱ्याला विचारायचं. कारण सांगण्याची किंवा मागण्याची इथे पद्धत नाही.